बारा हजार वॅट आणि खालच्या काकू

आपल्याकडे टीव्ही इंचावर घेतात, फ्रिज लिटरवर घेतात आणि स्पीकर वॅटवर घेतात. पहिल्या दोन्हीत दुकानदाराला फारसा हात मारता येत नाही. ४३ इंच म्हणजे ४३ इंच. घरी आणून टेप लावता येते. वॅटला टेप लावता येत नाही हे ज्या कुणाच्या पहिल्यांदा लक्षात आलं, त्यानं खोक्यावर 'पीएमपीओ' अशी चार अक्षरं छापली आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय बैठकीच्या खोल्यांतून औष्णिक वीज केंद्रं उभी राहू लागली.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानाच्या दारातच असं एक केंद्र मांडलेलं होतं. खोक्यावर ठसठशीत '१२,००० वॅट'. आमचा मिक्सर ७५० वॅटचा आहे. तो चालू असताना घरात कुणी कुणाशी बोलत नाही. गीझर २,००० वॅटचा. त्याच्यासाठी वायरमननं वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट बसवून दिलं आणि वर दोनदा बजावून गेला. १२,००० वॅट म्हणजे असे सहा गीझर एकदम. हे सहा गीझर ज्या वायरीतून वीज घेणार होते ती दोन पिनांची वायर टेबललॅम्पलासुद्धा लाजवेल अशी बारीक होती. मी खोकं उघडायला लावलं, पेटी उलटी केली. मागच्या चंदेरी पट्टीवर, भिंग लागेल अशा अक्षरांत, '२३० व्होल्ट, ६० वॅट'.

"उरलेले ११,९४० वॅट कुठून येतात?" मी विचारलं.

दुकानातल्या मुलानं माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, "सर, ती म्युझिक पॉवर असते."

सरांनी मान डोलावली. सरांना या विषयात एवढाच रस होता की पेटी काळी घ्यावी की अक्रोडी रंगाची. सबवूफर मला हवा होता, पैसे माझे होते, चार महिने त्याबद्दल वाचून डोकं मी पिकवलं होतं. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्या पुरुषाला मिळतं, हा नियम तपकीर गल्लीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत सारखा आहे. मी 'क्रॉसओव्हर बदलता येतो का?' असं विचारलं तेव्हा तो नवऱ्याला म्हणाला, "मॅडमना सीरियलचा आवाज क्लिअर येईल, सर."

विचारायचा आकडा असतो आरएमएसचा, म्हणजे यंत्र सतत, धाप न लागता, किती वॅट देतं तो. पोल्क या अमेरिकी कंपनीचा पीएसडब्ल्यू-१० हा स्वस्त सबवूफरांमधला जुना जाणता गडी. दहा इंची पडदा आणि आरएमएस ५० वॅट. यामाहाचा आठ इंची एनएस-एसडब्ल्यू०५० आहे, तोही ५० वॅटचाच. आणि यांची किंमत त्या १२,००० वॅटवाल्याच्या कितीतरी पट. हे घरी समजावणं फार कठीण जातं.

"म्हणजे वॅट जितके कमी तितके पैसे जास्त?" नवऱ्यानं स्कूटरवर विचारलं.

"हो."

"मग शून्य वॅटचा परवडणारच नाही आपल्याला."

सबवूफरचं काम तसं मोजकं. माणसाच्या कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असं शाळेच्या पुस्तकात असतं. (वरचा आकडा शाळेतल्या मुलांसाठीच आहे, पन्नाशीनंतर त्यातले वरचे मजले गुपचूप रिकामे होतात.) शेल्फवर ठेवायचे छोटे स्पीकर साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत कसेबसे उतरतात आणि तिथं हात टेकतात. त्याखालचं सगळं सबवूफरनं सांभाळायचं. ही वाटणी ज्या आकड्यावर होते तो क्रॉसओव्हर. होम थिएटरच्या ५.१ मधला जो 'पॉइंट वन' तो हाच. आवाजाच्या एवढ्या लांबलचक पट्ट्यातला जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचा तुकडा त्याच्या वाट्याला येतो, म्हणून त्याला पुरता एकसुद्धा मोजत नाहीत. सगळ्यात जड, सगळ्यात जास्त जागा अडवणारा, आणि हिशेबात एक दशांश.

पण खाली उतरणं महाग असतं. ८० हर्ट्झचा सूर जेवढ्या जोरात वाजतो तेवढ्याच जोरात ४० चा वाजवायचा तर पडद्याला चौपट मागंपुढं हलावं लागतं. २० चा वाजवायचा तर सोळापट. मोठा पडदा, मोठी पेटी, जड चुंबक आणि पैसे, हे सगळं त्यापायी. स्वस्त पेटीला हे झेपत नाही. मग ती पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास एक जागा धरते आणि तिथंच घुमत बसते. रणगाडा उडाला, धुम्म. डग्गा वाजला, धुम्म. मालिकेतल्या सासूनं दार आपटलं, धुम्म. बाजारात याला 'धमक' म्हणतात आणि धमक विकायला काही कष्ट पडत नाहीत. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून अठरा इंची पडद्यांच्या भिंती छातीवर झेललेल्या माणसाला घरी धमकच हवी असते. (रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. सातारा-कोल्हापुरात त्यांच्या नावावर मिरवणुकीत काय वाजतं हे त्यांच्या कानावर गेलं नसावं, हे बरंच झालं.)

धमक दाखवण्याची दुकानातली पद्धत ठरलेली आहे. पेटी लोखंडी रॅकखाली कोपऱ्यात सरकवलेली, बासचा नॉब उजवीकडे संपेपर्यंत फिरवलेला, आणि वर कुठल्यातरी सिनेमात मोटारी उडताहेत. रॅकवरची रिकामी खोकी थरथरतात. मुलगा नवऱ्याला म्हणतो, "सर, बघा, पायाला लागतंय." नवऱ्यानं पायाकडे बघितलं.

"तबला लावा," मी म्हटलं.

"काय लावू?"

"एकल तबला. फोनवर शोधा, सापडेल."

हे ऐकून काउंटरवरच्या मालकांनी पहिल्यांदा चष्मा वर केला.

सबवूफरची परीक्षा घ्यायला स्फोट कुचकामी असतो. खराखुरा रणगाडा फुटताना कसा ऐकू येतो हे तपकीर गल्लीत कुणालाच माहीत नाही, त्यामुळे कुठलाही आवाज खपून जातो. डग्गा आपल्या कानाला पाठ असतो. वाजवणारा डग्ग्यावर मनगटाचा दाब देत ते पुढं सरकवतो तेव्हा सूर खालून वर चढत जातो, ती मींड. चांगल्या पेटीत ती चढताना स्वच्छ ऐकू येते. धमकवाल्या पेटीत सूर चढतच नाही; तोच एक 'धुम्म' जरा मोठा होतो, जरा लहान होतो. दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे आपल्या शास्त्रीय गाण्यासाठी २० हर्ट्झपर्यंत पाताळात उतरायची गरजच नाही. चाळिशीपर्यंत इमानानं जाणारी पेटी गाण्याला भरपूर झाली. त्याखालचा बराचसा खर्च इंग्रजी सिनेमातल्या डायनासोरच्या पावलांसाठी असतो, आणि ज्या घरात महिन्यातून एकदा डायनासोर येतो त्यांनी त्याच्यासाठी वेगळा कप्पा बांधू नये असं माझं मत आहे.

दुकानात एकाच तुकड्यावर तीन पेट्या लावून झाल्या. तिसरीत मींड अशी सरसरत वर गेली की त्या मुलानं हातातला रिमोट खाली ठेवला. पहिलीवर परत गेला. पुन्हा तिसरीवर आला. "अरे, यात तबला गातोय," तो म्हणाला आणि मग थेट माझ्याकडे वळून, "मॅडम, हे आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही."

मालक म्हणाले, "विचारायला लागले तर पहिल्या पेटीचं काय करायचं?"

तिसरी पेटी घरी आली. आता खरी पंचाईत. चांगला लावलेला सबवूफर कुठं ठेवलाय ते कळता कामा नये. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही. सिनेमागृहांच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सनं ८० चा आकडा धरला आहे तो याच बेतानं. क्रॉसओव्हर तिथं ठेवला, आवाज बेताचा ठेवला, की सगळं गाणं समोरच्या दोन छोट्या स्पीकरांतूनच येतंय असं वाटतं. कोपऱ्यातली पेटी नामानिराळी. पण मराठी घरात वीस-बावीस हजार मोजून आणलेली वस्तू पाहुण्यांना दिसली, कळली आणि थोडीशी खुपली पाहिजे. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पेटीकडे वाकून विचारतो, "चालू आहे का?" आहे म्हटलं की कान पुढं करतो. "मग ऐकू नाही येत?" यावर एकच इलाज असतो. मी जाऊन पेटी बंद करते. गाणं एकदम पोपटासारखं चिरकं होतं, तबला डब्यावर वाजवल्यागत टकटक करायला लागतो, आणि पाहुणे म्हणतात, "अरेच्चा, गेलं की काहीतरी!" नवऱ्याचं म्हणणं असं की बंद केल्यावर कळणारी वस्तू घ्यायची होती तर इन्व्हर्टर घ्यायचा.

जागा शोधण्याची जी पद्धत जगभर नावाजलेली आहे तिच्याबद्दल मात्र दुकानात कुणी बोलत नाही. सबवूफर उचलून आपण जिथं बसतो त्या सोफ्यावर ठेवायचा. खर्जातलं काहीतरी लावायचं. आणि आपण हातापायांवर रांगत, कान जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून, भिंतीकडेनं खोलीभर फिरायचं. जिथं बास सगळ्यात सारखा ऐकू येईल ती पेटीची जागा. शास्त्र पक्कं आहे. फक्त ते ज्यांनी शोधलं त्यांच्या घरी सासूबाई राहायला नसाव्यात.

"काय हरवलं गं?"

"काही नाही आई, जरा कान लावून बघतेय."

"कानातलं? कुठलं, मोत्याचं?"

त्या गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसल्या. भांडी घासणाऱ्या मावशी हात पुसत आल्या आणि त्यांनी टीव्हीखालचं कपाट एकटीनं पुढं ओढलं. मागून कुकरची एक शिटी, रिमोटचं झाकण आणि वाळलेलं लिंबू निघालं. सोफ्यावर सबवूफर तक्क्याला टेकून बसला होता, तानपुरा चालू होता, आणि खाली तीन बायका रांगत होत्या. नवरा दारातून हे बघून परत बाहेर गेला.

पण सासूबाई लग्नाआधी गाणं शिकत होत्या. रांगता रांगता दारापाशी थांबल्या. "इथं खर्ज भरून येतोय," म्हणाल्या. "मघाशी तिकडं नुसता घुमत होता."

त्यांचं म्हणणं पदार्थविज्ञानाला धरूनच होतं. ४० हर्ट्झची एक लाट अठ्ठावीस फूट लांब असते. आमचा हॉल बारा फूट. लाट मावतच नाही. भिंतीवर आपटून मागं येते, जाणारी आणि येणारी एकमेकींत अडकतात, भिंतींपाशी आवाजाचा ढीग साठतो आणि हॉलच्या बरोबर मध्यावर, ४७ हर्ट्झच्या आसपास, खड्डा पडतो. मध्यावर खुर्ची टाकून बसणारा नवरा 'काहीच येत नाही' म्हणतो आणि भिंतीला टेकून बसणाऱ्या सासूबाई 'कमी कर, छातीत धडधडतंय' म्हणतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. आमच्या घरात हा योग विरळा.

दारापाशी चपलांचं कपाट होतं. ते बाहेर ठेवायला सोसायटीची मनाई, आत दुसरीकडे जागा नाही. शेवटी कपाट गॅलरीत गेलं आणि सबवूफर दारापाशी आला. आता येणारा-जाणारा त्याच्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधतो. वर किल्ल्यांची वाटी होती, ती तिसऱ्या दिवशी उचलली, कारण विलंबित एकतालात समेच्या अलीकडे पलीकडे किल्ल्या वाजायला लागल्या. स्वस्त असो, महाग असो, सबवूफर घरात आला की घरातलं काय काय ढिलं आहे याची यादीच मिळते. शोकेसची काच, ट्यूबची पट्टी, खिडकीचा अॅल्युमिनियमचा सरकता पल्ला. आम्ही पल्ल्यात पुठ्ठ्याच्या घड्या कोंबल्या. पेटीखाली जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे कापून ठेवले; त्यासाठी मिळणाऱ्या विलायती पायांची किंमत विचारून मी दुकानातून सरळ खाली उतरले होते.

पेट्यांचे दोन प्रकार असतात, बंद आणि भोकाची. भोकाची पेटी त्याच पैशात जास्त आवाज देते, पण ठरावीक सुराच्या खाली गेली की तिचा दम पटकन तुटतो. बंद पेटी आवाज कमी देते आणि हळूहळू, अदबीनं उतरते. लहान खोलीला बंद बरी. शिवाय आत वर्षभर कोमट असलेलं अॅम्प्लिफायर आणि बाहेर चार इंची भोक ही झुरळांना मोफत सदनिका आहे. आमच्या ओळखीत एका घरी भोकातून पाल निघाली, तीही पार्श्वसंगीत ऐन रंगात आलेलं असताना.

यानंतर येतात खालच्या काकू. बारीक आवाज भिंती अडवतात, जाडा आवाज भिंतींना जुमानत नाही. त्यामुळे आपल्या घरातलं गाणं आपल्याला पूर्ण ऐकू येतं आणि खाली पोचतात ते फक्त ठोके. शब्द नाहीत, सूर नाहीत, राग कुठला ते नाही. काकू एकदा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुमच्याकडे रात्री कोणी कुटतं का गं काही?" मी म्हटलं, "मारवा होता." त्या म्हणाल्या, "दाणे असतील तर दुपारी कुटत जा."

कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि ते आणखी वाईट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे माप माणसाच्या कानाला जुळवून घेतलेलं 'ए' माप. त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षापेक्षा ३० डेसिबलनं कमी दिसतो. काकूंना तो ३० डेसिबलनं जास्त ऐकू येतो. अशा परिस्थितीत मीटर घेऊन सोसायटीच्या सभेला जाण्यात शहाणपण नाही. १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' या सिनेमासाठी युनिव्हर्सलनं 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा थिएटरांत बसवली, तेव्हा हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचे पोपडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली होती. आमच्या इमारतीचे पोपडे स्वयंस्फूर्तीनं पडतात. पण घरात सबवूफर आला हे कळल्यापासून चौथ्या मजल्यावरची गळतीसुद्धा आमच्या नावावर मांडली जाते. आम्ही तिसऱ्यावर राहतो. पाणी वर कसं गेलं हे कुणी विचारलं नाही.

पैसे कमी असतील तर जुना घ्या, असं जाणते सांगतात. जुन्या सबवूफरांच्या जाहिराती वाचल्या की महाराष्ट्राची कौटुंबिक स्थिती कळते. 'लग्न ठरले आहे म्हणून विकणे', 'बाळ झाले आहे म्हणून विकणे', 'वरच्या मजल्यावरून तक्रार, लगेच विकणे'. यात घ्यायला हरकत नाही. फक्त पडद्याच्या कडेची पट्टी बोटानं दाबून बघा. रबराची असेल तर टिकते. फोमची असेल आणि पेटी मुंबईत किंवा कोकणात राहिलेली असेल, तर बोटाला भुगा लागतो. आपल्या अॅम्प्लिफायरला 'सब आउट'चं भोक आहे का तेही आधी बघून ठेवा, आणि साउंडबारबरोबर आलेला बिनवायरी सबवूफर सुटा घेऊ नका. तो आपल्या साउंडबारशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलत नाही.

एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन जागी ठेवलेले दोन छोटे खोलीतले ढीग-खड्डे जास्त चांगले बुजवतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. मी ते घरात अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर आठ किंवा दहा इंची घ्या, क्रॉसओव्हर ८० वर ठेवा, आवाज मनाला येतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवा, आणि रात्री दहाला बंद करा. दुकानात जाताना फोनवर एकल तबला भरून न्या. मुलगा सरांशी बोलेल. बोलू द्या, मींड तुम्ही ऐका.